एफएल स्टुडिओतलं गाणं क्युबेसमध्ये नेताना

हळदीचं एक गाणं उदाहरणाला घेऊ. घणसोलीतल्या एका फ्लॅटमधल्या खोलीत ते एफएल स्टुडिओ या संगीत रचण्या-रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरवर उभं राहिलंय. ढोलकी आणि बेंजो माइकवर वाजवून घेतलेत, हलगीचे लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) आहेत, बेस आणि ब्रास प्लगइनमधून, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्य-इफेक्टच्या प्रोग्राममधून वाजतंय, बायकांचा कोरस चार टेकचा (चार वेगळ्या रेकॉर्डिंगचा) आहे आणि वर मुख्य गायिका. संयोजकाला यापुढे क्युबेस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचंय, कारण कामात लाइव्ह वादक वाढलेत आणि अनेक टेकमधून चांगले तुकडे निवडून जोडण्याची सोय त्याला तिथे जास्त हाताला बसते. तो जुनी प्रोजेक्ट फाइल क्युबेसमध्ये उघडायला जातो आणि ती उघडतच नाही.

ती उघडणारही नाही. प्रोजेक्ट फाइलमध्ये गाण्याचा आवाज जवळजवळ नसतोच. तिथे असतात सूचना: अमुक फोल्डरमधली ढोलकीची फाइल पाचव्या बारपासून वाजव, अमुक प्लगइन उघडून त्याचं हे बटण इतकं फिरव, इथून रिव्हर्ब (घुमारा) वाढव. या सूचना प्रत्येक कंपनी स्वतःच्या लिपीत लिहिते. त्यामुळे एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही, आणि वाचता आली तरी त्यात उल्लेखलेलं प्लगइन तिथे असेलच असं नाही.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात खात्रीने जाणाऱ्या गोष्टी दोनच. एक, आवाज, म्हणजे वेव्ह फाइल. दुसरी, नोट्स, म्हणजे मिडी फाइल. मिडी ही १९८३ पासूनची पद्धत आहे आणि कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली आणि बेंडचं चाक किंवा कंट्रोलर किती फिरला एवढंच ती सांगते. तिच्यात वाद्याचा आवाज नसतो. फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरक), ऑटोमेशन (गाणं चालू असताना आपोआप होणारे बदल), ईक्यू आणि कॉम्प्रेसर या इफेक्टच्या सेटिंग हे सगळं मागे राहतं किंवा आवाजात मिसळून जातं. म्हणून प्रत्येक ट्रॅकबद्दल एक निर्णय आधी घ्यावा: हा आवाज म्हणून न्यायचा, नोट्स म्हणून की दोन्ही? ढोलकी आणि गाणं आवाज म्हणूनच जाणार. बेस आणि ब्रास दोन्ही रूपांत न्यावेत, म्हणजे पुढे एक सूर बदलायचा झाला तर वाट मोकळी राहते.

अलीकडे तिसरी वाटही निघाली आहे. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या संगीत-सॉफ्टवेअर कंपन्यांनी डॉप्रोजेक्ट नावाची खुली फाइल-पद्धत आणली. ट्रॅक, क्लिप, नोट्स, फेडर आणि बरंचसं ऑटोमेशन तिच्यातून जातं. क्युबेसने ती १४व्या आवृत्तीपासून स्वीकारली. जुन्या आणि नव्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती असेल तर जरूर वापरा, पण वेव्ह फाइलींचा संच तरीही काढून ठेवा.

जुन्या सॉफ्टवेअरमधलं काम

मेहनतीचा मोठा वाटा इथेच आहे आणि लोक नेमका इथेच घाई करतात. आधी प्रोजेक्टची वेगळ्या नावाने प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा.

एफएलमध्ये चॅनल रॅकमधलं (वाद्यांच्या यादीतलं) वाद्य आणि मिक्सरचा ट्रॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच वाद्यं एकाच इन्सर्टवर, म्हणजे मिक्सरच्या एकाच ट्रॅकवर सोडलेली असतील, तर बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये ती पाचही एकत्र येतील आणि मग हलगीतून झांज वेगळी काढता येणार नाही. म्हणून प्रत्येक वाद्याला स्वतःचा इन्सर्ट द्या. इन्सर्टला लगेच नाव द्या आणि ते रोमन अक्षरांतच द्या, आधी दोन आकडी क्रमांक घालून. देवनागरी नावं काही प्लगइन आणि झिप फाइलींमध्ये बिघडतात आणि समोरच्या स्टुडिओत चौकोन दिसू लागतात.

आता गाण्याच्या सुरुवातीला दोन बार मोकळे ठेवा, म्हणजे सगळं गाणं दोन बार पुढे सरकवा. ढोलकीचा उठाव समेच्या आधी येतो. तो अगदी शून्यावर असेल तर पहिला ठोका कापला जाण्याची भीती असते. शेवटीही रिव्हर्ब पूर्ण विरेपर्यंत जागा सोडा.

मग फाइल, एक्सपोर्ट, वेव्ह. पॅटर्न नव्हे, पूर्ण गाणं निवडा. मिक्सर ट्रॅक वेगवेगळे करण्याचा पर्याय चालू करा. शेपटीसाठी उरलेला आवाज राहू देणारा पर्याय घ्या. उरलेला आवाज सुरुवातीला गुंडाळून आणणारा पर्याय लूपसाठी असतो, गाण्यात तो घोटाळा करतो. अ‍ॅसिडाइज्ड फाइलचा पर्याय बंद ठेवा. त्याने फाइलमध्ये टेम्पोची माहिती जाते, आणि नवं सॉफ्टवेअर ती वाचून आवाज ताणायला लागू शकतं. फाइल ३२ बिट फ्लोट घ्या, कारण एखादा ट्रॅक शून्य डीबीच्या (पातळीच्या कमाल मर्यादेच्या) वर गेला असला तरी या प्रकारात तो फाटत नाही. नव्या जागी फेडर खाली केला की आवाज जसाच्या तसा मिळतो. नॉर्मलाइझ नको, कारण त्याने प्रत्येक ट्रॅकची पातळी वेगळ्या मापाने वाढते आणि तोल जातो. मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथला लिमिटरही बंद.

जागेचा हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिट, स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण २३ एमबी घेते. पाच मिनिटांचं गाणं आणि २४ ट्रॅक म्हणजे सुमारे २.८ जीबी. इफेक्टसह एक संच आणि इफेक्टशिवाय दुसरा असे दोन संच काढले तर साडेपाच जीबी. हे दोन संच काढाच. इफेक्टसह संचातून आज ऐकू येणारं गाणं शाबूत राहतं आणि कोरड्या संचातून उद्या नवं मिक्स करता येतं. गायिकेचा सूर प्लगइनने दुरुस्त केला असेल तर तो दुरुस्त आवाज कोरड्या संचातही हवा, आणि मूळ टेक वेगळा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तीच दुरुस्ती पुन्हा तशीच बसवणं फार जिकिरीचं असतं.

किक (ड्रमचा जाड ठोका) वाजली की बेस दबतो, अशी साइडचेनची रचना गाण्यात असेल तर एकेक ट्रॅक सोलो करून (बाकीचे बंद ठेवून) एक्सपोर्ट करू नका. किक बंद झाली की बेस दबायचा थांबतो आणि गाण्याची उसळी निघून जाते. सगळे ट्रॅक एकाच वेळी चालू ठेवून वेगवेगळ्या फाइली काढल्या की ती जपली जाते.

आणखी एक सापळा आहे. चारही कोरस आधी एका ग्रुप ट्रॅकवर आणि तिथून मास्टरवर जात असतील, तर एक्सपोर्टमध्ये चार सुट्या फाइली आणि ग्रुपची पाचवी फाइल अशा दोन्ही येतात. पाचही नव्या प्रोजेक्टमध्ये टाकल्या की कोरस दोनदा वाजतो आणि एकदम मोठा होतो. एकतर चार सुट्या घ्या, नाहीतर एकटा ग्रुप.

नोट्ससाठी एफएलच्या टूल्स, मॅक्रोज मेनूत मिडी एक्सपोर्टची तयारी करणारी आज्ञा आहे. ती सगळ्या वाद्यांच्या जागी मिडी आउट बसवते, म्हणजे त्या प्रोजेक्टमधला आवाज गेला. म्हणून ती सगळ्यात शेवटी आणि प्रतीवरच चालवा. त्यानंतर मिडी फाइल एक्सपोर्ट करा.

संच तयार झाला की कागदावर किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चार गोष्टी लिहा: टेम्पो, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत, वरचे ४८ किलोहर्ट्झ), पट्टी आणि ट्यूनिंग. ट्यूनिंग विसरलं जातं. लाइव्ह हार्मोनियम ४४४ हर्ट्झवर (ए या सुराचं माप) असेल आणि तिला जुळावं म्हणून प्लगइन ४४० वरून ४४४ वर नेली असतील, तर ही माहिती मिडीत जात नाही. नव्या जागी ब्रास ४४० वर उघडेल आणि हार्मोनियमपेक्षा सुमारे १६ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभरातले सोळा भाग) उतरलेला वाजेल. कानाला तो बेसूर वाटतो, पण दोष कुठे आहे ते पटकन सापडत नाही.

नवा प्रोजेक्ट

क्युबेसमध्ये काहीही आत ओढण्याआधी प्रोजेक्ट सेटअप उघडा (शिफ्ट आणि एस) आणि सॅम्पल रेट जुन्याइतकाच ठेवा. ४८ च्या फाइली ४४.१ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता वाजल्या तर गाणं सुमारे आठ टक्के मंद होतं आणि सूर जवळजवळ दीड स्वर उतरतो. इथे स्वर म्हणजे हार्मोनियमवरची शेजारची पट्टी. काळी दोनचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी पडतं. गाणं असं कुठल्याच पट्टीत बसेनासं झालं की पहिला संशय सॅम्पल रेटवर घ्या.

मग टेम्पो भरा, सगळ्या वेव्ह फाइली एकदम निवडून वेगवेगळ्या ट्रॅकवर आणि सगळ्या प्रोजेक्टच्या आरंभापासून टाका. आयात करताना फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय चालू हवा. नाहीतर पेनड्राइव्ह काढून कोणी ट्रान्स हार्बरची गाडी पकडली की तुमच्या स्क्रीनवर सगळे ट्रॅक रिकामे. टेम्पोप्रमाणे आवाज ताणणारा म्युझिकल मोड आयात केलेल्या फाइलींवर बंद ठेवा.

आता खरी परीक्षा. जुन्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण गाण्याची एक स्टिरिओ फाइल काढा, मास्टरवरचे इफेक्ट बंद ठेवूनच. ती नव्या प्रोजेक्टमध्ये एका ट्रॅकवर टाका आणि त्या ट्रॅकची फेज, म्हणजे आवाजाची लाट, उलटी करा. सगळे फेडर शून्यावर ठेवून इफेक्टसह संच तिच्यासोबत वाजवा. दोन्ही अगदी सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि शांतता होते. जे ऐकू येतं तो फरक. फक्त ढोलकी ऐकू येत असेल तर ढोलकीची फाइल सरकली आहे किंवा तिची पातळी बदलली आहे. कोरस नावाचा इफेक्ट, फेजर, काही रिव्हर्ब हे दर वेळी थोडे वेगळे वाजतात, त्यामुळे त्यांची हलकी सळसळ उरते. ती चालेल. ठोके उरता कामा नयेत.

मोनो ट्रॅकवर पातळी हमखास चुकते आणि त्याचं कारण पॅन लॉ. मोनो आवाज मध्यभागी असला की तो दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून काही सॉफ्टवेअर मध्यात त्याला ३ डीबी कमी करतात, काही करत नाहीत. क्युबेस सहसा कमी करतं, रीपर हे आणखी एक सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये करत नाही. त्यामुळे मोनो ढोलकी अचानक मागे गेल्यासारखी वाटते. स्टिरिओ फाइली काढल्या तर हा प्रश्न बहुतांशी येतच नाही, जागा मात्र दुप्पट लागते. आमचं मत स्टिरिओच्या बाजूने आहे. डिस्क स्वस्त आहे, ढोलकीचा तोल पुन्हा शोधण्यात गेलेली रात्र महाग पडते.

बाहेरच्या गायकाकडून आवाज मागवत असाल तर एमपी३ घेऊ नका. एमपी३ तयार होताना फाइलच्या सुरुवातीला सुमारे हजार सॅम्पलची शांतता घुसू शकते, म्हणजे वीसेक मिलिसेकंद. दादऱ्याच्या जलद लयीत गाणं तेवढ्यानेही मागे रेंगाळल्यासारखं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

नोट्स आल्या, पण वाजतायत वेगळ्याच

मिडी फाइल उघडली की पहिला गोंधळ सप्तकाच्या नावाचा होतो. मिडीची ६० क्रमांकाची नोट एफएलमध्ये सी५ म्हणून दिसते, क्युबेसमध्ये सी३. सूर तोच असतो, फक्त नाव वेगळं. पण ब्रासच्या प्लगइनमध्ये वादनाची शैली बदलणाऱ्या की-स्विचच्या नोट्स तुम्ही नावाने लिहून ठेवल्या असतील तर दोन सप्तकांनी चुकाल. क्रमांक लिहून ठेवा.

मींड हा दुसरा प्रश्न, आणि आपल्या संगीतात तो फार महत्त्वाचा आहे. शहनाई किंवा बासरीच्या प्लगइनमध्ये पिच बेंडचा आवाका १२ स्वरांचा ठेवून सा ते पंचम अशी मींड काढली असेल, तर मिडीत फक्त बेंडचं चाक किती फिरलं तेवढंच जातं. आवाका प्लगइनकडे राहतो. नव्याने उघडलेलं प्लगइन बहुधा २ स्वरांवर असतं. मग सात स्वरांची मींड एका स्वराच्या जरा वर जाऊन थांबते, पंचमाऐवजी कोमल ऋषभाच्या आसपास. मिडी आत आणण्याआधी नव्या प्लगइनचा आवाका १२ करा.

आवाज विनाकारण लहान-मोठा होत असेल तर मिडीतला सात क्रमांकाचा कंट्रोलर पाहा. तो व्हॉल्यूमचा असतो आणि जुन्या फाइलबरोबर गुपचूप येतो. सगळे सात नंबर पुसून टाकले की फेडर पुन्हा तुमच्या हातात.

उलट दिशेने, म्हणजे क्युबेसमधून एफएलमध्ये येताना, काळाची बारीकी कमी होते. एफएल एका क्वार्टर नोटचे मुळात ९६ भाग करतं. ११० च्या टेम्पोला एक भाग साडेपाच मिलिसेकंदांहून थोडा मोठा येतो, आणि हाताने वाजवलेल्या नोट्स जवळच्या भागावर ओढल्या जातात. आयात करण्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ही संख्या ९६० करून घ्या.

आणि आता दादरा. आगरी-कोळी गाण्यांचा, हळदीच्या गाण्यांचा मोठा भाग या झुलत्या चालीत असतो. एफएलवाले पुष्कळदा प्रोजेक्ट ४/४ मध्येच ठेवून ट्रिपलेटच्या ग्रिडवर रिदम लावतात. ११० टेम्पो, बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्यात तीन भाग. ऐकायला अचूक. क्युबेसमध्ये आल्यावर कोणाला वाटतं की हे नीट १२/८ मध्ये लिहावं, आणि तो फक्त टाइम सिग्नेचर बदलतो. लगेच सगळ्या नोट्स बारच्या रेषांवरून घसरतात. कारण १२/८ च्या बारमध्ये सहा क्वार्टर नोट्सची लांबी असते आणि तुमच्या नोट्स चारच्या हिशेबाने लिहिलेल्या आहेत. मग टेम्पो १६५ केला तर रेषा जुळत नाहीतच, वर गाणं पळायला लागतं. दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात: नोट्स दीडपट ताणायच्या आणि टेम्पोही दीडपट, म्हणजे ११० चा १६५. तेव्हा लय तीच राहते आणि प्रत्येक बारमध्ये बारा भाग दिसतात. ऑडिओ फाइलींना हात लावायचा नाही, त्या घड्याळाच्या वेळेवर बसलेल्या असतात. इतकी उठाठेव चालू गाण्यावर करू नये असं आमचं स्पष्ट सांगणं आहे. ते ४/४ मध्येच ठेवून क्युबेसची ग्रिड ट्रिपलेटवर लावा. नवं गाणं मात्र पहिल्यापासून ६/८ किंवा १२/८ मध्ये सुरू करा.

ढोलकीवाल्याने क्लिकशिवाय (कानात टेम्पोची टिकटिक न घेता) वाजवलं असेल तर लय पुढे वाढत जाते. तिथे टेम्पो हा नुसता आकडा आहे, ग्रिड बंद करून कानाने काम करायचं.

हाताची सवय

अडखळायला होतं ते बटणांच्या जागेपेक्षा रचनेमुळे. एफएलच्या प्लेलिस्टमधली आडवी पट्टी म्हणजे एखादं वाद्य नसतं, तिथे कुठलाही पॅटर्न कुठेही ठेवता येतो. क्युबेसमध्ये एक पट्टी म्हणजे एक वाद्य आणि मिक्सरमधला त्याचाच चॅनल. एफएलमधून आलेला माणूस हलगीची क्लिप उचलून खालच्या रिकाम्या पट्टीवर ठेवतो आणि ती बेसच्या आवाजात वाजते किंवा वाजतच नाही. रीपरमध्ये वेगळंच: तिथे ऑडिओ आणि मिडीसाठी ट्रॅकचे प्रकारच नाहीत, आणि ट्रॅक फोल्डरमध्ये टाकला की फोल्डरच ग्रुपचं काम करतो. हे एवढं मनात पक्कं बसलं की बाकीचं आठवडाभरात येतं.

विंडोजवर एक मधला मार्गही आहे. एफएल स्टुडिओ स्वतःच प्लगइन म्हणून क्युबेसमध्ये उघडतं. हलगीचे पॅटर्न एफएलमध्येच बांधायचे आणि गाणं, बेंजो क्युबेसमध्ये रेकॉर्ड करायचं, असं काही महिने सहज चालतं.

विकत घेण्याआधी प्लगइनची तपासणी करा. लॉजिक हे सॉफ्टवेअर फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं आणि फक्त एयू प्रकारची प्लगइन घेतं. प्रो टूल्सला एएएक्स लागतात, क्युबेसला व्हीएसटी. तुमच्या आवडत्या तबल्याच्या प्लगइनचा योग्य प्रकार मिळतो का ते आधी बघा, कारण त्या एका आवाजावर तुमची निम्मी कामं उभी असतील. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. एफएलची चाचणी आवृत्ती कितीही दिवस चालते, पण तिच्यात साठवलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. हे माहीत नसलेला नवशिक्या रात्रभराचं काम अडकवून बसतो.

बदलाची वेळही विचारपूर्वक निवडा. श्रावणात गणपतीच्या गाण्यांची धावपळ असते, तुळशीच्या लग्नानंतर हळदीची. अनंत चतुर्दशी ते दिवाळी या काळात हातात त्यामानाने सवड असते. त्यात दोन जुनी, पूर्ण झालेली गाणी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन बघा. गिऱ्हाईक वाट बघत असलेलं गाणं जुन्यातच संपवा. पावसाळ्यात एक्सपोर्ट चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि कधी कधी ती उघडतेही, फक्त शेवटचं कडवं नसतं. यूपीएस नसेल तर प्रत्येक फाइलची लांबी एकदा तपासा. सगळ्या सेकंदाच्या फरकाशिवाय सारख्या हव्यात.

जुनं सॉफ्टवेअर आणि त्याची प्लगइन मशीनवरून लगेच काढू नका. हळदीचं गाणं एका घरातून दुसऱ्या घरात जातं. पुढच्या वर्षी कोपरीहून कोणी फोन करून म्हणेल, गाणं तेच हवंय, फक्त नवरीचं आणि गावाचं नाव बदलून द्या. त्यासाठी नाव येणाऱ्या ओळी मुख्य गायिकेच्या आणि कोरसच्या ट्रॅकवरून आत्ताच वेगळ्या कापून, कोरड्या, स्वतःच्या नावाने साठवा. त्यांच्यावरचा रिव्हर्ब आणि डिले वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नाहीतर नवं नाव गायलं तरी जुन्या नवरीच्या नावाची शेपटी मागे ऐकू येत राहते.